पांढऱ्या धुराचा माग

४ डिसेंबरला पहाटे साडेपाचला व्हॅनला किल्ली मारली. इंजिन लगेच लागलं, दोन सेकंद चाललं आणि बसलं. त्यानंतर नुसता स्टार्टर फिरत राहिला. चौथ्या प्रयत्नात लागलं तेव्हा मागून पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की आरशात रस्ता दिसेना. इंजिन एका लयीत चालायलाच तयार नव्हतं. आवाज चढायचा, पडायचा, परत चढायचा, आणि त्या तालावर गिअरचा दांडा हलायचा. पाच-सहा मिनिटांनी सगळं आपोआप शांत झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

माझं रोपवाटिकेचं काम आहे. रोपं पहाटे भरायची, उन्हं चढायच्या आत पोचवायची. गाडी वीस वर्षांहून जुनी आणि २,८०,००० किलोमीटर चाललेली. चार सिलिंडर, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, फिरता यांत्रिक पंप आणि प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन लागावं म्हणून आतली हवा तापवणारी कांडी. हे आधीच सांगते, कारण पुढे लिहिलेल्या काही गोष्टी फक्त अशाच इंजिनावर करायच्या आहेत. भर म्हणजे धूरतपासणीच्या प्रमाणपत्राची मुदत २० जानेवारीला संपत होती.

६ डिसेंबरला दोन गॅरेजं केली. पहिल्याने आवाज ऐकूनच सांगितलं, पंप गेला, उतरवून पूर्ण खोलावा लागेल. दुसऱ्याने धूर बघून बोअर-पिस्टनचं काम सांगितलं आणि गाडी पंधरा दिवस सोडायला सांगितली. खर्चाचे आकडे मी टाकीभर डिझेलच्या मापात देते, म्हणजे कुणालाही अंदाज येईल. माझी टाकी ६० लिटरची आहे. पंपाचा अंदाज सहा टाक्यांचा होता, इंजिनकामाचा चौदा टाक्यांचा. एकाच गाडीचे दोन निदान, आणि कुणीही एक नळीसुद्धा सोडवून बघितली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी भंगारात काढायचा विचारही मनात येऊन गेला.

धूरतपासणीचं एकदाचं कळून जाऊ दे म्हणून ८ डिसेंबरला तिथे गेले आणि नापास झाले. तिथे सायलेन्सरच्या तोंडात नळी घालतात, गाडी न्यूट्रलला ठेवून ऍक्सिलरेटर एकदम शेवटपर्यंत दाबतात, आणि धुरात प्रकाश किती अडतो ते यंत्र मोजतं. असं बऱ्याच वेळा करून सरासरी काढतात. पावतीवर प्रत्येक वेळचा आकडा वेगळा छापलेला होता. पहिला सगळ्यात मोठा, पुढचे उतरत गेलेले. त्याचा अर्थ मला नंतर कळला. सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी पहिल्या दाबात बाहेर पडली होती. माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे इंजिन पुरतं तापलंही नव्हतं. पावती जपून ठेवली. फेरतपासणीला ती मागतात.

संध्याकाळी मामाला फोन केला. मामाने आयुष्यभर ट्रक चालवला आणि वाटेत बिघडलेला ट्रक स्वतःच दुरुस्त केला. मी रडकुंडीला आले होते. त्याने पहिला प्रश्न विचारला, "धूर डोळ्यांना झोंबतो का?"

"खूप झोंबतो. कच्च्या डिझेलचा वास येतो."

"आणि रेडिएटरचं पाणी?"

पाणी मी पाहिलेलंच नव्हतं. मग आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी बघितली. एक रेघही उतरली नाही, ऑइलच्या कांडीवर दुधाळ काही नव्हतं, वासात गोडसरपणा नव्हता. म्हणजे हेड गॅस्केटमधून पाणी आत जात नव्हतं. ऑइलही कमी होत नव्हतं आणि निळसर झाक कधीच दिसली नाही, त्यामुळे बोअर-पिस्टनच्या निदानावरचा माझा विश्वास तिथेच डळमळला. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ते आत पोचतं आहे, पण वेळेवर पेट घेत नाही. चढावर भार असताना माझ्या गाडीला थोडा काळा धूरही यायचा. तो वेगळा असतो, तिथे डिझेल भरपूर आणि हवा अपुरी असते.

मामाने एक वही करायला सांगितली. तारीख, किती वेळ स्टार्टर मारला, धुराचा रंग, किती मिनिटांनी इंजिन लयीत आलं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन नाही. त्या वहीच्या जोरावर मी पुढचे आठवडे काढले.

११ डिसेंबरला एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलले. एअर फिल्टर झटकला तर मूठभर धूळ पडली. डिझेल फिल्टरच्या तळाचा नळ काचेच्या बाटलीत सोडला, तर खाली पाण्याचा बोटभर थर बसला. बाटली काचेचीच घ्या, नाहीतर पाणी दिसत नाही. नवीन फिल्टर बसवल्यावर आतली हवा काढायला फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबत राहिले. तो कडक व्हायला हवा होता, पण थोडा मऊच राहिला. वहीत मी तसं लिहून ठेवलं, अर्थ मात्र तेव्हा लागला नाही. चढावरचा काळा धूर जवळजवळ गेला. पहाटेचा पांढरा जसाच्या तसा. खर्च अर्धी टाकी.

१३ डिसेंबरला हीटर प्लग. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढली. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं आणि दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत. दोन लागले, दोन नाही. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा इतके दिवस नेहमीसारखा लागून विझत होता, म्हणून इकडे लक्षच गेलं नव्हतं. नवीन प्लग यायला सहा दिवस लागले. जुने काढताना मला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण प्लग हेडमध्ये मोडला की छोट्या कामाचं फार मोठं काम होतं. आदल्या रात्री मुळांशी गंज सोडवणारं तेल सोडलं. सकाळी इंजिन गरम करून पाना लावला, पाव फेरा सैल केला, परत आवळला, परत सैल केला. चार प्लगना दोन तास लागले, पण एकही मोडला नाही. चारही नवीन घातले. खर्च एका टाकीपेक्षा थोडा कमी.

२० डिसेंबरच्या पहाटे वाटलं, सुटले. किल्ली मारली, गाडी लागली. दोन सेकंदांनी बसली.

मी बराच वेळ तशीच सीटवर बसून राहिले. धूर कमी झाला होता हे खरं, पण आवाजाची चढ-उतार तशीच होती. त्यातून त्या दिवशी दुपारीही, इंजिन कोमट असताना, चार तास उभी राहिलेली गाडी तशीच बसली. कोमट इंजिनाला हीटर प्लगची गरज जवळपास नसते. म्हणजे प्लग खराब होते, पण आजार तो नव्हता.

मामाने विचारलं, "अगं, रात्री गाडीचं तोंड कुठे असतं?"

आमच्या घरासमोर उतार आहे. मी गाडी नेहमी चढाकडे तोंड करून लावते, कारण सकाळी मागच्या बाजूने रोपं भरायला ते सोयीचं पडतं. मामा म्हणाला, तीन रात्री तशीच लाव आणि तीन रात्री उलटी. २२ ते २४ डिसेंबर चढाकडे तोंड, तिन्ही सकाळी गाडी लागून बसली. २५ ते २७ उताराकडे तोंड, आणि तिन्ही सकाळी पहिल्या झटक्यात लागून चालू राहिली. सहा रात्रींच्या त्या सहा ओळी वहीत वाचल्या तेव्हा महिनाभरात पहिल्यांदा छाती हलकी झाली. पंपाला रात्री तोंड कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं?

कारण मामाने फोनवर समजावलं. या गाडीला टाकीजवळ वेगळा पंप नाही. पुढचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो, आपण नळीने सरबत ओढतो तसं. वाटेत कुठे बारीक फट असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली डाग पडत नाही आणि गळती कुणाला दिसत नाही. गाडी बंद असताना त्या फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं. तोंड वर असेल तर जास्तच. सकाळी पंपात उरलेल्या थोड्या डिझेलवर इंजिन दोन सेकंद चालतं, मग हवा येते. हवेचे बुडबुडे सिलिंडरपर्यंत गेले की डिझेल कमी आणि उशिरा पडतं, ते नीट पेटत नाही, पांढरा धूर होतो. वेग पडला की पंपातला गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, डिझेल वाढवतो, तेवढ्यात बुडबुडा सरतो, वेग उसळतो, गव्हर्नर परत कमी करतो. आवाजाची चढ-उतार ती हीच.

२८ डिसेंबरला फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी काढून तिथे हातभर पारदर्शक नळी बसवली. डिझेल सहन करणारीच नळी घ्या, साधी मऊ पडते. इंजिन सुरू केलं आणि नळीतून बुडबुड्यांची माळ पळताना दिसली. मग तीच नळी फिल्टरच्या आधी लावली. तिथे डिझेल स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. म्हणजे टाकीपासून फिल्टरपर्यंत सगळं ठीक, हवा फिल्टरच्या डोक्यातच शिरत होती. हातपंप मऊ का राहिला तेही तेव्हाच कळलं.

पंपाबद्दलची शंका फेडायला मामाने आणखी एक चाचणी सांगितली. पंपाची ओढणारी नळी आणि परतीची नळी, दोन्ही स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडायच्या. कॅन पंपापेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे पंपाला स्वतः ओढावं लागेल. नळी आधी डिझेलने भरून घेतली तरी लागायला वेळ गेला. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर जळायचा. पाचव्या खेपेला इंजिन लागलं, आणि अर्ध्या मिनिटात असं एका लयीत चालायला लागलं की मी बॉनेटवर हात ठेवून नुसती ऐकत उभी राहिले. सहा टाक्यांचा पंप निर्दोष होता.

हातपंपाखालची रबरी रिंग दगडासारखी झाली होती. नवीन हातपंप आणला. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलांना एकमेकांशी जोडणाऱ्या परतीच्या बारीक नळ्या वाकवून बघितल्या तर तीनपैकी दोनना बारीक चिरा होत्या. शेवटच्या नोझलवरची बंद टोपीही तडकलेली होती. ३० डिसेंबरला हे सगळं बदललं. क्लॅम्प बेताचाच आवळावा, जास्त आवळला की पट्टी रबर कापते आणि नवीन फट तयार होते. खर्च पाव टाकी. त्या रात्री गाडी मुद्दाम चढाकडे तोंड करून लावली. सकाळी एका झटक्यात लागली आणि बसली नाही.

चढ-उतार पूर्ण गेली. तरीही इंजिन गार असताना एक बारीक ठोका येत राहिला, चार पावलांत एक पाऊल लंगडं पडावं तसा, आणि मागून राखाडी-पांढरा विरळ धूर. गाडी चालवण्यासारखी झाली होती, पण तपासणीला न्यायची हिंमत होईना.

२ जानेवारीला एकेक नोझल पारखलं. इंजिन आयडलला, म्हणजे ऍक्सिलरेटर न दाबता चालू ठेवून नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर येतं, तो सिलिंडर काम थांबवतो आणि आवाज पडतो. आवाज पडला नाही तर तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. हे फक्त यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनावर करा. कॉमन रेल, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल इंजिनात हा नट चालू इंजिनावर कधीही सैल करू नका, तिथे दाब १,००० बारच्या वर जातो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). जुन्या इंजिनातही दाब एवढा असतो की बारीक धार कातडीतून आत घुसते. बाहेर जखम टाचणीएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची तातडीची वेळ असते. चष्मा घाला, नटावर फडकं टाका, हात धारेसमोर नेऊ नका.

पहिला सैल केला, आवाज पडला. दुसरा, पडला. तिसऱ्याला काही फरक नाही, उलट मागचा धूर कमी झाला. चौथा, परत पडला. तिसरा सिलिंडर डिझेल घेत होता, पण ते नीट जाळत नव्हता.

आता प्रश्न नोझलचा की कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टन हवा पुरेशी दाबतो की नाही याचा. चौदा टाक्यांचं इंजिनकाम अजून मनात दबा धरून होतं. ४ जानेवारीला मामाच्या ओळखीच्या मेकॅनिककडे चारही नोझलं काढली आणि त्याच वेळी कॉम्प्रेशनही मोजून घेतलं. पंपाचं डिझेल बंद करणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढलेली, बॅटरी पूर्ण भरलेली. बॅटरी अर्धवट असेल तर इंजिन हळू फिरतं आणि आकडे उगाच कमी येतात. २८, २७, २६, २८ बार. चारही जवळजवळ सारखे, आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किमान आकड्याच्या बरेच वर. मी ते आकडे दोनदा लिहून घेतले.

नोझलं पंप-नोझलच्या कामवाल्यांकडे दिली. त्यांना मी विनंती केली की तपासताना मला उभं राहू द्या. दादांनी टेबलावरच्या हातपंपाला नोझल लावलं आणि दांडा दाबला. ही इंजिनं साधारण १३० बारला उघडणाऱ्या नोझलांची. पहिली, दुसरी आणि चौथी ११५ ते १२१ ला उघडली, कर्रकर्र आवाज करत, धुक्यासारखा फवारा देत. तिसरी ९० लाच उघडली आणि तिच्या टोकाला थेंब लोंबत राहिला. थेंब धुक्यासारखा जळत नाही. तो ठोका आणि तो धूर दोन्ही त्या थेंबाचे. दादा म्हणाले, "ताई, ही एकच बदलून भागेल, पण चौघी एका दाबावर आल्या तर इंजिन गुळगुळीत चालेल." चारही टोकं नवीन घालून आतल्या चकत्यांनी सगळ्यांचा दाब सारखा करायचं ठरलं. टोकं मागवावी लागली, पाच दिवस गेले. बसवण्यासकट खर्च दोन टाक्या. सगळ्यात मोठा हाच.

१० जानेवारीला नोझलं परत बसली. प्रत्येक नोझलखालचा उष्णता अडवणारा छोटा वॉशर नवीनच लागतो आणि त्याला उलट-सुलट बाजू असते. कुणी जुनाच परत घालत असेल तर थांबवा.

इंजिन लागलं ते मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वर फिरायला लागलं. मी घाबरले, पण कारण साधं होतं. आधी कधीतरी कुणीतरी चढ-उतार झाकायला आयडलचा स्क्रू आवळून ठेवला होता. खरा आजार गेल्यावर तो वाढीव वेग उघडा पडला. १३ जानेवारीला पुस्तकाप्रमाणे ८०० वर आणला. हा स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो. शेजारच्या, सील लावलेल्या डिझेलच्या स्क्रूला मात्र हात लावायचा नाही, त्याने काळा धूर वाढतो.

१५ जानेवारीला फेरतपासणी. आधीच्या पावतीवरून शिकून अर्धा तास लांबच्या, चढाच्या रस्त्याने गेले, इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापू दिले. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आधी कागदावर तपासलं, कारण तिथे इंजिन शेवटच्या वेगापर्यंत नेतात आणि जुना बेल्ट तिथे तुटू शकतो. नोंदणीपत्र, विम्याचा कागद आणि नापासाची पावती अशी तीनच कागदं मागितली, पण रांग पाऊण तासाची होती. आतून इंजिनाचा आवाज चढला की मी डोळे मिटत होते. या वेळी पावतीवरचे सगळे आकडे एकमेकांच्या जवळ होते आणि मर्यादेच्या बरेच खाली. हातात आलेल्या प्रमाणपत्रावर गाडीच्या नंबरातला एक अंक चुकला होता. तिथेच दाखवला, दहा मिनिटांत दुरुस्त करून मिळाला. घरी आल्यावर लक्षात आला असता तर परत रांग. खिडकी सोडायच्या आधी नंबर वाचून घ्या.

वहीत सगळं मिळून पावणेचार टाक्या भरतात. दिवस गेले बेचाळीस, त्यातले अकरा सुट्या भागांची वाट बघण्यात.

दुसऱ्या दिवशी पहाटे रोपं भरून झाल्यावर गाडी सुरू केली, मामाला फोन लावला आणि फोन बॉनेटपाशी धरला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "टॅपेट जरा वाजतायत. घाई नाही, पुढच्या महिन्यात बघ." मी वही काढून लिहून घेतलं.